उल्का पडली, पुढच्या भागात विसरली

२२ मे २०१२, मंगळवार. दुपारी दोनच्या सुमाराला काटोलच्या आकाशात धडाडधूम आवाज झाले आणि गावात, आसपासच्या शेतांत काळे दगड येऊन पडले. मृग बहरासाठी संत्र्याच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात, ते दिवस. आगीचे लोळ उठले नाहीत, विवर पडलं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं मुख्यालय साठेक किलोमीटरवर नागपुरातच आहे, त्यामुळे तज्ज्ञांना लांबून यावं लागलं नाही. तीसेक तुकड्यांची नोंद झाली. दगड ‘एल-६ कॉन्ड्राइट’ या जातीचा निघाला. एल म्हणजे लोह कमी असलेला गट, आणि सहा हा आकडा सांगतो की मूळ लघुग्रहाच्या पोटात तो दीर्घकाळ तापून निघालेला आहे. उल्कापाषाणांना त्यांच्या पडण्याच्या जागेचं नाव देण्याची रीत असल्यामुळे ‘काटोल’ हे नाव आता जगभरच्या उल्कांच्या यादीत आहे.

टीव्हीवरच्या विज्ञानकथांमधल्या चुकांबद्दल लिहायला मी काटोलपासून सुरुवात करतोय, कारण असाच उल्कावर्षाव अमेरिकी टीव्हीवरच्या एका शेतकरी गावावर त्याआधी होऊन गेला होता. ‘स्मॉलव्हिल’ ही तरुण सुपरमॅनची मालिका १६ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाली आणि दहा हंगाम चालली. गाव कॅन्सस राज्यातलं, मक्याच्या शेतांचं. पहिल्याच भागात १९८९ सालचा उल्कावर्षाव आहे. आकाशातून धूर सोडत जळते गोळे येतात, रस्त्यावर आदळून स्फोट होतात, एका लहान मुलीच्या डोळ्यांदेखत तिचे आईवडील जातात, मक्याच्या शेतात उभ्या असलेल्या श्रीमंताच्या पोराचे सगळे केस झडतात. गावाच्या वेशीवर ‘मक्याची राजधानी’ अशी पाटी असते, ती बदलून पुढे ‘उल्कांची राजधानी’ होते. पाटी बदलण्याची ही कल्पना मला फार आवडते. काटोलने संत्र्याची ओळख सोडली नाही, तेही बरंच झालं.

आता हा पडद्यावरचा उल्कावर्षाव काटोलच्या दगडांशेजारी ठेवून पाहू.

अंतराळातला दगड पृथ्वीच्या वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरपासून सत्तरएक किलोमीटरपर्यंत काहीही असू शकतो. समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेला थर लगेच उडून जातो. उष्णता आत मुरायला वेळच मिळत नाही, कारण सगळा प्रकार काही सेकंदांत आटोपतो. बरेचदा दगड वरच फुटतो. जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर आला की लहान तुकड्यांचा वेग हवेने इतका मारलेला असतो की जळणं थांबतं. तिथून पुढे तो उंचावरून टाकलेल्या कुठल्याही दगडासारखाच खाली येतो, ताशी काही शे किलोमीटर वेगाने. डोकं फोडायला तो वेग पुरेसा आहे, विवर पाडायला नाही. हातात घेतलेल्या ताज्या उल्केवर दीड-दोन मिलिमीटरहून पातळ, काळं, वितळून गोठलेलं कवच असतं आणि आतला दगड करडा, थंड असतो. काटोलच्या मे महिन्यातला डांबरी रस्ता त्या दगडाच्या गाभ्यापेक्षा नक्कीच जास्त तापलेला असणार.

म्हणजे टीव्हीवर जमिनीत रुतून लाल निखाऱ्यासारखी धगधगणारी उल्का दिसते, ती चूक. दुसरी चूक आवाजाची, आणि ती जास्त महागात पडू शकते. पंचवीस किलोमीटर उंचीवर झालेल्या स्फोटाचा उजेड तत्क्षणी दिसतो, पण आवाज खाली यायला मिनिटाहून जास्त लागतं. पडद्यावर दोन्ही एकदमच होतात. काटोलनंतर नऊ महिन्यांनी, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातल्या चेल्याबिन्स्कवर कितीतरी मोठी उल्का फुटली. डोळे दिपवणारा उजेड पाहून लोक ‘काय झालं’ म्हणून खिडक्यांशी गेले. दोनेक मिनिटांनी धक्कालहर पोचली आणि शहरभरच्या काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बरेचसे काचांनी. उजेड आणि आवाज एकत्र येतात हे आयुष्यभर पडद्यावर पाहिलेल्या माणसाला खिडकीपासून मागे सरायचं सुचत नाही.

विदर्भाला आकाशाचा आणखी एक धडा २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी मिळाला. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग पाहिली आणि फोनमध्ये टिपली. अनेकांना ती उल्काच वाटली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी सापडली. ते चिनी ‘लाँग मार्च’ रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. ओळखायची खूण अशी की उल्का दोन-चार सेकंदांत संपते, तर परत येणारं रॉकेट कक्षेतून तिरपं, सावकाश, मिनिटभरसुद्धा दिसत राहतं आणि त्याचे तुकडे एकाच दिशेने ओळीने चालतात. टीव्हीवरच्या बहुतेक उल्का पाहा, त्या रॉकेटच्या कचऱ्यासारख्या पडतात. दिग्दर्शकाला त्याखाली पात्रांना धावायला वेळ हवा असतो.

इतकं सगळं सांगितल्यावर माझं मत असं की या चुका क्षम्य आहेत. अंतराळात हवा नाही, तरी यानांच्या लढाईत धडाम-धूम ऐकू येतं. लघुग्रहांच्या पट्ट्यात दोन मोठ्या खडकांत सरासरी लाखो किलोमीटरचं अंतर असतं, तरी पडद्यावरचं यान त्यांच्यामधून नागमोडी काढावं लागतं. हे खोटं आहे, पण सगळ्यांना सारखं लागू आहे. नायकाच्या यानाचा आवाज येतो तसा खलनायकाच्या यानाचाही येतो. पत्त्यांचा डाव मांडताना दुर्री हुकूम ठरली तर ठरली. डाव रंगात आल्यावर एकाने गुपचूप हुकूम बदलला तर मात्र भांडण होतं. विज्ञानकथेचा प्रेक्षकही याच जागी भांडतो. सुरुवातीला सांगितलेली एक मोठी थाप तो खुशाल गिळतो. नंतर त्या थापेशी कथा प्रामाणिक राहते की नाही, एवढंच तो तपासतो.

म्हणून ‘स्मॉलव्हिल’मधली हिरवी चमकणारी उल्का मला खटकत नाही. खटकतो तो गावकऱ्यांचा विसराळूपणा. सुरुवातीच्या हंगामांमध्ये जवळजवळ दर आठवड्याला उल्केमुळे अचाट शक्ती मिळालेला कोणीतरी शाळेतल्या पोरांच्या जिवावर उठतो. भाग संपतो, माणूस मरतो किंवा कोंडला जातो, आणि पुढच्या आठवड्यात शाळा नेहमीसारखी भरते. आईबाप पोरांना दुसऱ्या गावी हलवत नाहीत, घरांच्या किमती पडत नाहीत. नायकाच्या मित्रमैत्रिणी दर भागात डोक्यावर मार लागून बेशुद्ध होतात आणि नेमकं तेव्हाच नायक आपली ताकद वापरतो. लेखकांनाही हे जाणवलं असावं, कारण त्यांनी क्लोई नावाच्या मुलीला शाळेच्या वर्तमानपत्राच्या खोलीत एक भिंत दिली. गावातल्या सगळ्या विचित्र घटनांची कात्रणं ती तिथे डकवते. सगळ्या गावात आठवण ठेवणारी ती एकटीच!

कथेतली सगळ्यात वाईट फट बहुतेकदा अशीच असते. पात्रं विसरतात. मागच्या भागात कोणीतरी एका जीवघेण्या आजारावर औषध शोधलेलं असतं, या भागात त्याच आजाराने माणूस मरत असतो आणि ती कुपी कोणालाच आठवत नाही. ‘स्टार ट्रेक’मधल्या ट्रान्सपोर्टरचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे.

‘स्टार ट्रेक’ सप्टेंबर १९६६मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर दिसली. दर आठवड्याला नवा ग्रह, म्हणजे दर आठवड्याला यान उतरवण्याचं चित्रीकरण, आणि तेवढा पैसा नव्हता. त्यावर तोड म्हणून ट्रान्सपोर्टर आला. माणूस चकतीवर उभा राहतो, चमचमतो, नाहीसा होतो आणि ग्रहावर उमटतो. स्वस्त आणि देखणं. पण स्वस्ताईसाठी आणलेल्या यंत्राने लेखकांच्या गळ्यात कायमचं लोढणं अडकवलं. माणसाला कोणत्याही संकटातून दोन सेकंदांत उचलता येत असेल, तर संकट उरतं कुठे? मग दर भागात चुंबकी वादळ येतं, खडकात एखादं खनिज असतं, नाहीतर यंत्रच बिघडतं.

१९६६मधल्याच एका भागात ट्रान्सपोर्टर बिघडून कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात, एक दुबळा आणि एक राक्षसी. तोवर खाली ग्रहावर काही सहकारी अडकलेले असतात आणि रात्रीच्या थंडीने गारठून मरायला टेकतात. प्रेक्षकाच्या मनात लगेच येतं, अरे, छोटं यान पाठवून आणा ना त्यांना! पण तेव्हा छोटं यान अस्तित्वातच नव्हतं. शटल प्रथम दिसलं ते नोव्हेंबर १९६६च्या एका भागात. ते पूर्ण आकारात बनवायचा खर्चही खेळण्यातली मॉडेलं विकणाऱ्या एका कंपनीने उचलला, बदल्यात त्याचं मॉडेल विकायचे हक्क घेऊन. शटल आल्यावर मागचा तो भाग एका रात्रीत सदोष झाला. लिहिताना जी कथा बिनचूक होती ती नंतरच्या कथेमुळे चुकीची ठरली. हे संकट मालिकांवरच कोसळतं. कादंबरीकार शेवटचं प्रकरण लिहून पहिल्या प्रकरणात जाऊन खुंटी ठोकून येऊ शकतो. मालिकेचा पहिला भाग कधीच प्रक्षेपित झालेला असतो.

नुसत्या नजरचुकीची उदाहरणंही याच मालिकेत सापडतात. सुरुवातीच्या एका भागात कर्कसाठी खोदलेल्या थडग्यावर ‘जेम्स आर. कर्क’ असं नाव दिसतं. पुढे आयुष्यभर तो जेम्स टी. कर्क. त्याहून प्रसिद्ध चूक खान नावाच्या खलनायकाची. खान प्रथम आला फेब्रुवारी १९६७मध्ये, पहिल्या हंगामात. चेकॉव्ह हा यानावरचा तरुण अधिकारी दाखल झाला दुसऱ्या हंगामात. १९८२च्या चित्रपटात मात्र खान चेकॉव्हला पाहतो आणि त्याचा चेहरा आपण विसरलेलो नाही असं बजावतो. दोघांची कधी भेटच झालेली नव्हती! चेकॉव्हचं काम करणाऱ्या वॉल्टर केनिगने यावर अनेक वर्षं एक विनोद सांगितला. चेकॉव्ह तेव्हा यानावर होताच, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. त्याने स्वच्छतागृह अडवून खानला बाहेर ताटकळत ठेवलं होतं, म्हणून तो चेहरा खानच्या लक्षात राहिला.

अशा चुका होतात कशा, हे मुंबईतल्या कुठल्याही मराठी मालिकेच्या सेटवर एक दिवस बसलं की कळतं. प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. दिवाणखाना लावलेला असला की दिवाणखान्यातले आठ प्रसंग एका दमात उरकतात, मग त्यांतला एक सोमवारच्या भागातला असो आणि दुसरा पुढल्या गुरुवारच्या. ज्येष्ठ कलाकाराची तारीख एकच दिवस मिळालेली असते. अशा गोंधळात नायिकेची टिकली कोणती होती, पदर कोणत्या खांद्यावर, ग्लासातलं सरबत कुठवर, बटण लावलेलं की उघडं, हे टिपायला एक सहायक असतो. सेटवर त्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. पूर्वी वहीत लिहायचे, आता फोनमध्ये फोटो काढून ठेवतात. एपिसोडची बँक भरलेली असेल तर हा माणूस निवांत असतो. बँक संपली, आज चित्रित केलेलं उद्या दाखवायचं, अशी वेळ आली की टिकल्या बदलतात. लेखनाचंही तेच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि मध्येच वाहिनीकडून निरोप येतो की आकडे घसरलेत, वळण बदला. विज्ञानकथेत एवढ्या सगळ्या हातांना कथेतल्या यंत्रांचे नियमही पाठ असावे लागतात. म्हणून मोठ्या मालिका एक नियमपुस्तक बनवून लेखकांना देतात. ‘स्टार ट्रेक’चं असं पुस्तक साठच्या दशकातच तयार होतं, आणि तरीही चुका सुटल्या नाहीत.

आपल्याकडच्या विज्ञानमालिका मोजक्याच. ‘स्पेस सिटी सिग्मा’, संगणकातून कालयंत्र जुळवणाऱ्या मुलांची ‘इंद्रधनुष’ (त्यात गिरीश कर्नाड होते, आणि शाळकरी वयातला करण जोहरही), केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’, मिलिंद सोमणला चंदेरी पोशाखात बाविसाव्या शतकात पाठवणारी. या मालिकांचे सेट पुठ्ठ्याचे वाटायचे आणि आम्ही त्यांवर जीव टाकायचो. त्यांच्या चुका तेव्हा कोणी काढल्या नाहीत, याचं एक कारण प्रेक्षक भाबडा होता हे असेल, पण त्याहून मोठं कारण यांत्रिक आहे. भाग एकदाच दिसायचा. आठवड्याने पुढचा भाग येईपर्यंत मागच्यातलं अर्धं विसरलेलं असायचं, आणि वीज गेली असेल तर तो भाग जन्मात पुन्हा दिसायचा नाही. पडताळून पाहायला हातात काहीच नव्हतं.

निर्मातेही हे गृहीत धरून चालले होते. ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या कालप्रवासाच्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग टेप पुन्हा वापरण्यासाठी चक्क पुसून टाकले; नव्वदहून अधिक भागांची चित्रफीत त्यामुळे हरवली. पुन्हा कोणी पाहील असं वाटलंच नव्हतं, तर दुसऱ्या भागाशी मेळ बसतो की नाही याची चिंता कोण करणार? व्हीसीआर आला, केबलवर पुनःप्रक्षेपणं सुरू झाली, मग यूट्यूब आलं, आणि प्रेक्षकाच्या हातात थांबवायचं बटण आलं. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवलं तेव्हा लहानपणी ते श्वास रोखून पाहिलेली माणसं आपल्या पोरांशेजारी बसली होती. चष्मा लावला आणि दात पुढे काढले की पंडित गंगाधर म्हणून वावरणारा शक्तिमान ओळखू येत नाही, हे १९९७मध्ये आम्हाला पटलं होतं. आताच्या आठ वर्षांच्या मुलाला पटवून दाखवा.

चूक सापडल्यावर काय करायचं, याचे मालिकांनी दोन मार्ग काढले. एक, गप्प बसायचं. दुसरा मार्ग अवघड, पण त्यातून कधी मूळ कथेपेक्षा चांगली कथा निघते. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या लढवय्या जमातीचंच पाहा. साठच्या दशकात रंगभूषेला पैसे नव्हते, म्हणून क्लिंगॉन म्हणजे तांबूस रंग फासलेली, मिशा लावलेली माणसंच. १९७९च्या चित्रपटात पैसे आले आणि त्यांच्या कपाळावर हाडांच्या कड्या उगवल्या. पुढच्या सगळ्या मालिकांत क्लिंगॉन तसेच. प्रेक्षकांनी हा फरक रंगभूषेच्या खात्यावर टाकून दिला होता. मग १९९६मध्ये एका भागात नव्या मालिकेतली पात्रं कालप्रवास करून जुन्या मालिकेच्या काळात गेली, १९६७च्या चित्रीकरणात संगणकाने त्यांना चपखल बसवलं होतं, आणि तिथे त्यांना गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन भेटले. सगळे वळून आपल्यातल्या क्लिंगॉनाकडे, कड्यांच्या कपाळाच्या वोर्फकडे पाहतात. तो कसंनुसं तोंड करून सांगतो की हा विषय आम्ही परक्यांशी बोलत नाही. चूक कबूल झाली आणि क्लिंगॉनांच्या इभ्रतीला साजेशीही झाली. गोष्ट तिथेच सोडायला हवी होती. पण २००५मध्ये दोन भाग खर्ची घालून विषाणू आणि जनुकांतले फेरफार यांचं सविस्तर स्पष्टीकरण देण्यात आलं. ते तर्काला धरून आहे. तरी मला वोर्फचं मौन जास्त पटतं.

‘डॉक्टर हू’ने तर अडचणीलाच नियम करून टाकलं. १९६३ला मालिका सुरू झाली तेव्हा डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल तीन वर्षांनी प्रकृतीमुळे बाहेर पडले. आपल्याकडे अशा वेळी पडद्याखाली पट्टी येते, आजपासून ही भूमिका अमुक करतील. किंवा अपघात आणि प्लास्टिक सर्जरी होते. किंवा वीस वर्षांचा लीप घेतात. ब्रिटिश लेखकांनी सांगितलं की डॉक्टर परग्रहवासी आहे आणि मरणाच्या दारात त्याचं शरीर बदलतं. नट बदलला की कथा पुढे सरकते! १९७६मध्ये कोणीतरी उत्साहाच्या भरात मर्यादा घालून ठेवली की असं बाराच वेळा करता येतं. बारा हा आकडा तेव्हा फार दूरचा वाटला असणार. २०१३च्या नाताळात तो संपला आणि डॉक्टरला नव्या आयुष्यांचा साठा मिळवून देण्यासाठी एक अख्खा भाग लिहावा लागला. सदतीस वर्षांपूर्वीच्या एका वाक्याची ही किंमत.

कालप्रवासाच्या कथांमध्ये हा हिशेब सगळ्यात कडक असतो. भूतकाळात जाऊन काही बदललं तर बदलणाऱ्याचंच काय होतं? याला दोन सरळ वाटा आहेत. जे बदलायला जाल ते आधीच घडलेलं होतं, अशी एक. बदललात त्या क्षणी जगाला नवी फांदी फुटली आणि तुमचं जुनं जग जागेवरच राहिलं, अशी दुसरी. कोणतीही एक धरा. एकाच कथेत दोन्ही धरल्या की फट पडते. मराठीत दुसरी वाट सर्वांत नेटकेपणाने चालून दाखवली ती जयंत नारळीकरांनी. १९७४च्या सुमारास त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आद्याक्षरं स्वतःचीच, उलटी. लेखक कोण हे न कळता तिला पहिलं बक्षीस मिळालं. २० मे २०२५ रोजी ते गेले तोवर विज्ञानकथेने काय पाळावं याबद्दल मराठी वाचकाचं मत बऱ्याच अंशी त्यांनीच घडवलेलं होतं.

त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकची धडक बसते त्या क्षणी अशा जगात जातात जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. थाप एकच आहे: विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात हुकली. बाकी सगळं त्या एका गोळीतून निघतं. मुंबईत आल्यावर पंत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर तिथे त्या नावाचा कोणी नाही. त्या जगात नसणारच. एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. परत आल्यावर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा प्रश्न वाचकाआधी लेखकाने विचारलेला आहे. पंतांनी ग्रंथालयातली बखर चुकून खिशात घातली होती, ती आझाद मैदानावरच्या धक्काबुक्कीत हरवली, पण एक फाटकं पान उरलं, आणि नेमकं गोळी हुकल्याच्या मजकुराचं. त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे तोवर हा सगळा मनाचा खेळ समजत असतात. पान पाहिल्यावर ते गंभीर होतात आणि पुंजभौतिकीकडे वळतात. पुरावा पूर्ण पुस्तकाचा असता तर त्या जगाचा सगळा इतिहास आपल्याला मिळायला हवा होता. काहीच नसता तर कथा स्वप्नात जमा झाली असती. एका पानाने दोन्ही वाटा बंद होतात.

हीच कथा इंग्रजीत ‘द अॅडव्हेंचर’ म्हणून अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात आहे. आझाद मैदानावर काय झालं होतं, तर मंचावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून पंत सवयीने तिच्यावर जाऊन बसले. अध्यक्ष, प्रास्ताविक आणि आभार या सगळ्याला कंटाळलेल्या त्या जगातल्या श्रोत्यांनी त्यांच्यावर हाताला येईल ते फेकलं. कथेच्या शेवटी पंत परत आपल्या पुण्यात आहेत, सगळं पूर्ववत झालं आहे, आणि पानिपतावरच्या परिसंवादाचं अध्यक्षपद त्यांची वाट पाहतं आहे. पंत आयोजकांना नकार कळवून टाकतात.